फॅलेनॉप्सिसची मलूल पाने, डेंड्रोबियमचे पिल्लू आणि लसणाचे पाणी

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: बाल्कनीत दोन ऑर्किड आहेत. एक पांढऱ्या फुलांचे फॅलेनॉप्सिस, भेट मिळालेले. दुसरे जांभळे-पांढरे डेंड्रोबियम सोनिया. फॅलेनॉप्सिसची पाने रोज पाणी देऊनही मलूल पडून सुरकुतली आहेत, एका पानावर काळपट ओला डाग आहे. डेंड्रोबियमच्या जुन्या काड्यांची पाने गळाली आणि त्यातल्या एका काडीच्या शेंड्याला छोटे रोप फुटले आहे. पान कापून लसणाच्या पाण्यात ठेवले की नवे रोप येते असे एका व्हिडिओत दाखवले आहे, ते करू का? आणि शेंड्यावरचे पिल्लू कधी काढू?

ताई, नव्या रोपासाठी पान कापू नका. एवढे आधी ऐका, बाकीचे सावकाश वाचा.

पाने का बिघडली हा एक प्रश्न आणि नवी रोपे कशी करायची हा दुसरा, असे तुम्ही धरून चालला आहात. मला दोन्हींचे मूळ कुंडीतच दिसते. रोज पाणी मिळूनही फॅलेनॉप्सिसचे पान सुकते याचा अर्थ ते पाणी पानापर्यंत पोचत नाही. आणि भर पावसाळ्यात डेंड्रोबियम खाली बुंध्याशी नवी फूट न देता शेंड्यावर पिल्लू काढते, तेव्हा बऱ्याचदा त्याच्याही मुळांनी हाय खाल्लेली असते. बुंध्याचे काही खरे नाही म्हटल्यावर झाड वरच्या डोळ्यातून नवा संसार मांडते. दर वेळी असेच असते असे नाही. चांगली जोमदार झाडेही पिल्ले देतात, नत्र जास्त झाले तरी देतात. पण पिल्लाचे कौतुक करण्याआधी आईची मुळे बघावीत.

फॅलेनॉप्सिसपासून सुरू करू. डेंड्रोबियमच्या काडीत पाण्याचा साठा असतो, कॅटलिया या ऑर्किडच्या फुगीर कंदात असतो. फॅलेनॉप्सिसला तशी सोय नाही, त्याचे सगळे भांडवल पानात आणि मुळात. मुळे कुजली की ते पानातले पाणी खर्च करते आणि पान लुळे पडते. गंमत अशी की तहानलेल्या झाडाचे लक्षणही हेच. म्हणून लोक पान पाहून आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळेही घालवतात. पान पाहून निदान होत नाही, झाड कुंडीतून काढावेच लागते.

काढा आणि एकेक मूळ चिमटीत धरून हलके दाबा. जिवंत मूळ टणक लागते, कोरडे असताना चंदेरी-राखाडी आणि पाणी शिंपडल्यावर हिरवे होते. मेलेले मूळ मऊ, तपकिरी, दाबल्यावर पाणी सोडणारे. त्याचे साल बोटांत निसटून येते आणि आत नुसता दोरा राहतो. हा दोरा एकदा पाहिलात की पुन्हा कधी चुकणार नाही. बाजारातून आलेल्या फॅलेनॉप्सिसमध्ये आणखी एक गोष्ट हमखास सापडते: बुडख्याला चिकटलेला मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा, घट्ट गोळा, कधी जाळीच्या इवल्या टोपलीत. रोप लहान असताना नर्सरीत त्यात लावलेले असते आणि नंतर तसेच मोठ्या कुंडीत बसवलेले असते. बाहेरची भर, म्हणजे मातीऐवजी कुंडीत भरलेले मिश्रण, कोरडी दिसते आणि हा गोळा आठवडाभर ओला राहतो. सड तिथून सुरू होते. तो बोटांनी सुटा करून पूर्ण काढून टाका. दोनचार मुळे तुटली तरी चालतील.

मेलेली मुळे कापा. ब्लेड गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत धरून गार केलेले असावे. स्पिरिटने पुसणे पुरेसे का नाही ते पुढे सांगतो. कापल्यावर झाड दिवसभर सावलीत उघडे ठेवा, मग लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांत लावा. सोडणाचे तुकडे आधी दोनतीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्या, त्यात मीठ असते. कुंडी लहान घ्या, मुळे जेमतेम मावतील एवढी, बाजूला भोके असलेली. पहिले दोनतीन दिवस पाणी नाही. नंतर मुळे चंदेरी दिसली आणि कुंडी हाताला हलकी लागली की सकाळी पाणी. संध्याकाळी घातलेले पाणी पानांच्या बेचक्यात रात्रभर साचते आणि शेंडा कुजतो. चुकून साचलेच तर कागदी रुमालाचे टोक लावून टिपून घ्या.

मुळे फारच थोडी उरली असतील तर झाड पारदर्शक पिशवीत ठेवायचा सल्ला मिळतो. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिल-मेमध्ये तो बरोबर आहे. ठाण्याच्या ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की पिशवीचे काम आपोआप होते, पिशवीने उलट बुरशी येईल. आणि सुरकुतलेली जुनी पाने पूर्ववत तुकतुकीत होतील ही आशा सोडा. सुधारणा बघायची ती मुळांच्या हिरव्या टोकांत आणि मधून निघणाऱ्या नव्या पानात. सर्वात खालचे एखादे पान पिवळे होऊन गळत असेल तर ते वयाने, त्याचे मनावर घेऊ नका.

आता तो काळपट डाग. डागाचे रंग सगळे सांगतात, पण मी आधी दोन गोष्टी विचारतो: ओला की कोरडा, आणि कालच्यापेक्षा वाढला का. पेनाने डागाच्या कडेला बारीक खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. डाग ओला, अर्धपारदर्शक, दाबल्यावर फुटणारा, घाण वास येणारा आणि खुणेच्या पुढे सरकलेला असेल तर ती जिवाणूजन्य ओली सड. ती एका रात्रीत अर्धे पान खाते. थांबू नका, डागाच्या पुढे दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून पान कापा. डाग बुडख्याजवळ असेल तर पूर्ण पान काढा. कापलेल्या कडेला दालचिनीची पूड किंवा मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पेस्ट लावा, झाड पावसाच्या शिंतोड्यांपासून आत घ्या, जवळ पंखा लावा आणि चारपाच दिवस पानांवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका. कोरडी वाहती हवा हेच इथे खरे औषध. दालचिनी पानाच्या जखमेवरच, मुळांना नको. ती कोरडेपणा आणते आणि निरोगी मुळेही जाळते.

मधले कोवळे पान ओढल्यावर अलगद हातात आले तर शेंडा गेला. त्या खोडाला आता वर पान येणार नाही. तरी फेकू नका. खालची पाने आणि मुळे शाबूत असतील तर काही महिन्यांत बुडख्याच्या बाजूने पिल्लू येऊ शकते. माझ्या अनुभवात असे झाड टाकायची घाई बहुतेक जण करतात.

कोरडे, किंचित खोलगट, वर्तुळावर वर्तुळ असलेले डाग, बहुधा टोकाकडून आत सरकणारे, म्हणजे करपा. आंब्यावर येतो त्याच जातीच्या बुरशीचा. रोगट भाग कापून मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, दहाएक दिवसांनी पुन्हा. पानाच्या वरच्या अंगाला, जिथे ऊन थेट लागते तिथेच, आधी पांढरट आणि मग वाळून तपकिरी झालेला, न वाढणारा डाग हा उन्हाचा चटका. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. हा चटका मेपेक्षा ऑक्टोबरात जास्त बसतो, कारण झाड चार महिने ढगाळ उजेडाला सरावलेले असते आणि एकदम आकाश मोकळे होते. सप्टेंबर संपताना पन्नास टक्क्यांची शेडनेट लावून ठेवा. नुसती टोके तपकिरी होत असतील तर बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारांचे पाणी तपासा. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी काही जण काटकसर म्हणून ऑर्किडला घालतात. सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात, ते बाथरूम धुवायला ठेवा. पावसाचे पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, यासारखे दुसरे नाही.

किडींचे थोडक्यात. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसा, आठवड्याने पुन्हा पुसा आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला झाडावरून झाडावर नेतात. पानाच्या खालच्या अंगाला चंदेरी, टोचल्यासारखी जाळी उन्हाळ्यात दिसली तर कोळी ही बारीक कीड. पाण्याने खालून धुवा आणि निंबोळी तेल, लिटरला तीनचार मिली, साबणाच्या दोन थेंबांसह, संध्याकाळी फवारा. पावसात मुळांची हिरवी टोके रात्रीत गायब होत असतील तर टॉर्च घेऊन गोगलगाय शोधा.

डेंड्रोबियमकडे येऊ. जुन्या काडीची पाने वर्षा-दोन वर्षांनी गळणे हा सोनियाचा स्वभाव आहे. निष्पर्ण काडी कुरूप दिसते म्हणून लोक कापतात. ती कापू नका. तिच्यात पाणी आणि अन्न साठलेले असते, नवी फूट त्यावर पोसली जाते, आणि कित्येकदा तीच काडी पुन्हा फुलते. आपल्या सह्याद्रीतले डेंड्रोबियम बार्बाट्युलम तर पावसानंतर सगळीच पाने टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्या नागड्या काड्यांवर पांढरी फुले काढते. कोकणात ते मेले समजून उकिरड्यावर टाकलेले मी पाहिले आहे. पण नवी कोवळी फूटच बुंध्यापासून काळी पडत असेल, उकळते पाणी ओतल्यासारखी दिसत असेल, आणि हिरवी पानेही हात लावताच गळत असतील, तर ती काळी सड, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवाची. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानदार बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम, म्हणजे बाविस्टिन हातात देतो. फायटोफ्थोरावर ते काम करत नाही, कारण ती खऱ्या बुरशीच्या गटातली नाही. मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेबचे मिश्रण किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम लागते, लेबलवरच्या प्रमाणात. तांब्याची औषधे डेंड्रोबियमवर वापरू नका, पाने करपतात. फवारताना हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या.

आता लसणाचे पाणी. फॅलेनॉप्सिसच्या पानापासून घरी नवे रोप होत नाही. लसणाच्या पाण्यात नाही, कोरफडीच्या गरात नाही, बटाट्यात खोचूनही नाही. पानफुटीच्या पानाला कडेने कोंब येतात, कारण तिथे फुटू शकणाऱ्या पेशी तयार असतात. ऑर्किडच्या पानात डोळा नसतो. डोळा असतो खोडावर, पानाच्या बेचक्यात, आणि फुलाच्या दांड्यावरच्या पेरांवर. प्रयोगशाळेत कोवळ्या पानाच्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे करता येतात, तो वेगळा विषय. व्हिडिओत पानाखाली अचानक मुळे असलेले रोप दिसते तेव्हा मधल्या कटकडे नीट बघा. तुमच्या झाडाला चारपाचच पाने असतील तर एक पान कापणे म्हणजे त्याचा चौथा-पाचवा हिस्सा साठा काढून घेणे. केळीच्या साली आणि तांदळाचे धुवण तर पावसाळ्यात मॉसवर ओतूच नका, चिलटे आणि बुरशी यांचीच सोय होते.

डोळ्याचे हे गणित ऊस लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. डेंड्रोबियमची काडी उसाच्या बेण्यासारखीच चालते: दोनतीन डोळ्यांची टिपरी करा, डोळा फुटेल. फरक एवढाच की ज्या डोळ्यातून एकदा फूल आले तो संपला, तिथून पुन्हा काही येत नाही. म्हणून न फुललेले, फुगीर डोळे असलेली निष्पर्ण पण हिरवी, टणक काडी निवडा. टिपऱ्यांच्या दोन्ही टोकांना मॅन्कोझेबची पेस्ट लावून एक दिवस सुकू द्या. मिठाईच्या पारदर्शक डब्याला भोके पाडून तळाला पिळून घेतलेले, जेमतेम ओलसर स्फॅग्नम मॉस घाला, त्यावर टिपऱ्या आडव्या ठेवा, पुरू नका. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. एक ते तीन महिन्यांत कोंब दिसतात, काही टिपऱ्या सडतात, त्या काढून टाका. डेंड्रोबियमच्या नोबिली प्रकारात हे सोपे जाते, सोनियात यश कमी येते. आणि झाडाच्या दोनतीनच काड्या असतील तर हा उद्योग करू नका. एकूण पाचसहा काड्या असतील तरच सर्वात जुनी घ्या.

तुमच्याकडे पिल्लू आयतेच आले आहे, तर ते आत्ता काढू नका. बागवाले त्याला किकी म्हणतात. मुळे चारपाच सेंटिमीटर लांब झाली, ती किमान तीन आहेत आणि पिल्लाची काडी भरली, म्हणजे वेळ झाली. ठाण्यात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर चालेल. पुण्या-नाशकाकडे थंडीत वाढ थांबते, तिथे फेब्रुवारीपर्यंत थांबलेले बरे. तोवर पिल्लाच्या मुळांवर रोज सकाळी हलका फवारा मारा. काढताना आईच्या काडीचा एखादा सेंटिमीटर तुकडा पिल्लासोबत राहील असे कापा. मुळे कडक असतात, कुंडीत वळवताना मोडतात. आधी वीसेक मिनिटे पाण्यात ठेवली की लवचीक होतात.

कुंडी तीन इंची, भर बारीक कोळसा आणि सोडण. इथे सर्वात जास्त रोपे जातात ती एका साध्या कारणाने: रोप हलते. वाऱ्याने जरा डुलले की नव्या मुळीचे कोवळे टोक कोळशावर घासून मरते, आणि टोक मेले की ती मुळी पुढे वाढत नाही. म्हणून काडीला आधार लावून सुतळीने दोन ठिकाणी बांधा. कुंडी उचलून हलवली तरी रोप हलता कामा नये. खत पहिल्या नव्या मुळ्या दिसल्यावरच, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या भरपूर पाण्याने भर धुवून काढा. जपलेत तर असे पिल्लू दीडदोन वर्षांत फुलते.

फॅलेनॉप्सिसलाही फुलांच्या दांड्यावर किकी येते, तिला दोनतीन पाने आणि पाचेक सेंटिमीटरची मुळे झाल्यावर दांड्याच्या तुकड्यासकट काढायची. न आली तर आणण्यासाठी एक पेस्ट मिळते. तिच्यात सायटोकायनिन या संप्रेरकांच्या गटातले बेंझिल अ‍ॅमिनोप्युरिन असते. फुले संपल्यावर दांड्याच्या खालच्या पेरावरचे खवल्यासारखे आवरण सुईने अलगद सोलून डोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढी लावतात. उकाडा असेल तर पिल्लू यायची शक्यता जास्त, गारवा असेल तर फुलांची नवी फांदी. पण तुमच्या झाडाच्या आत्ताच्या अवस्थेत नको. आजारी झाडाला बाळंतपणात ढकलण्यासारखे आहे ते. उलट त्यावर अजून दांडा असेल तर बुडापासून कापून टाका.

बुंध्यातून दोन भाग करणे हा डेंड्रोबियमचा सर्वात खात्रीचा मार्ग, पण प्रत्येक भागाला तीनचार काड्या आणि एक नवी फूट हवी, आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, नव्या फुटीच्या मुळ्या निघू लागताना करायचा. पावसात अजिबात नाही.

आईला जे दुखणे असेल ते पिल्लात, टिपरीत, भागात सगळीकडे जाते. पान उजेडासमोर धरा. फिकट-गडद पट्टे, चौकोनी तुकडे किंवा वर्तुळे दिसत असतील तर विषाणूची शंका घ्या. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन सर्वात जास्त आढळतात. उपाय नाही. अशा झाडाची पिल्ले करू नका, कोणाला देऊही नका. हे विषाणू कापताना पात्याला लागलेल्या रसातून पसरतात आणि स्पिरिटने खात्रीने मरत नाहीत. ज्योतीचा आग्रह त्यासाठीच.

शेंग धरली तर बी पेरू का, असाही प्रश्न लोक विचारतात. ऑर्किडचे बी धुळीएवढे असते, त्यात अंकुराला पोसायला अन्नच नसते. जंगलात विशिष्ट बुरशी ते अन्न पुरवते. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरवर, निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. प्रयोगशाळांत आजही पद्धत मुळात तीच आहे. कुंडीत मॉसवर भुरभुरलेले बी रुजत नाही. आणि सोनिया संकरित असल्याने बियांची रोपे तिच्यासारखी फुलणारही नाहीत. बाजारातल्या सगळ्या सोनिया एकसारख्या दिसतात, कारण त्या ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या, आहेत. झाड कमजोर असेल तर शेंग खुडा. रोपे जास्तच हवी असतील तर अशी बाटलीतली किंवा ट्रेमधली लहान रोपे विकत घ्या, स्वस्त पडतात. वादळात पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी, ही रानातली ऑर्किड, घरी आणायचा मोह मात्र टाळा. राखीव जंगलातून ती आणणे बेकायदा आहे, आणि शहराच्या बाल्कनीत ती क्वचितच रमते.

या आठवड्यात एवढेच करा: डाग वाढत असेल तर ते पान कापा, फॅलेनॉप्सिस कुंडीतून काढून मुळे तपासा, डेंड्रोबियमची कुंडी पावसाच्या धारेतून आत ओढा आणि त्याचीही भर उकरून बुंधा टणक आहे का बघा. बुंधा मऊ असेल तर पिल्लाची वाट पाहण्यात अर्थ नाही. मग ते ज्या काडीवर आहे ती निरोगी भागातून कापून, पिल्लासकट मॉसवर आडवी ठेवा, काडी त्याला अजून महिनोन्‌महिने पोसेल. मुळांचा फोटो पाठवणार असाल तर दिवसाच्या उजेडात काढा.